लेझरने वस्तू थंड कशी होते, आणि त्याने मोबाईल का थंड होणार नाही

प्रश्न मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाचा आहे. लेझरने तर पत्रा कापतात, मग लेझर मारून वस्तू थंड होते हे खरं का? आणि खरं असेल तर फॅन नाही, पंप नाही, काहीच हलत नाही असा कूलर मोबाईलसाठी किंवा छोट्या कॉम्प्युटरसाठी फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून बनवता येईल का? विद्यार्थी आहेस म्हणून एकेरीतच लिहितो.

थंड होते हे शंभर टक्के खरं आहे. मोबाईलचा कूलर बनणार नाही हेही तितकंच खरं आहे. दोन्हीचं कारण एकच आहे आणि ते नीट समजलं तर तुझा प्रोजेक्ट दुसऱ्या अंगाने चांगला होऊ शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मी गेली बरीच वर्षं इन्फ्रारेड डिटेक्टर थंड ठेवायच्या कामात आहे आणि मधली काही वर्षं याच प्रकारचे क्रिस्टल हाताळण्यात गेली.

आधी एक घोळ मिटवू. लेझर कूलिंग असं नेटवर टाकलंस की नव्वद टक्के अणू थंड करण्याबद्दल येतं, ज्याला १९९७ चं नोबेल मिळालं, आणि जे आपल्याकडे मुंबईत टीआयएफआरमध्ये, पुण्यात आयसरमध्ये करतात. तिथे व्हॅक्यूममध्ये विरळ वायूचे अणू असतात आणि समोरून लेझर मारून त्यांचा वेग कमी करतात, म्हणजे धावत्या माणसावर समोरून सतत टेनिस बॉल मारल्यासारखं. ते तुझ्या कामाचं नाही. घन वस्तूत अणू पळत नसतात, जागच्या जागी थरथरत असतात, आणि ती थरथर म्हणजेच उष्णता. तुला जे हवंय त्यात ही थरथर प्रकाशाच्या पाठीवर लादून बाहेर पाठवायची असते.

ते कसं होतं बघ. काचेत किंवा क्रिस्टलमध्ये इटर्बियम नावाच्या धातूचे आयन मिसळलेले असतात. इटर्बियमची गंमत अशी की त्याच्या इलेक्ट्रॉनला कामापुरते दोनच मजले आहेत, खालचा आणि वरचा, पण प्रत्येक मजल्यावर थोड्याथोड्या उंचीच्या पायऱ्या आहेत, खाली चार, वर तीन. आपण लेझरचा रंग मुद्दाम असा निवडतो की खालच्या मजल्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवरून वरच्या मजल्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर इलेक्ट्रॉन जेमतेम पोचेल. हा रंग १०२० नॅनोमीटरच्या आसपास येतो, डोळ्याला न दिसणारा. आता वर पोचलेला इलेक्ट्रॉन तिथे सुमारे २ मिलिसेकंद बसून राहतो, आणि आजूबाजूची थरथर त्याला पिकोसेकंदात वरच्या पायऱ्यांवर ढकलते, म्हणजे उष्णता शोषायला त्याच्याकडे हवा तेवढा वेळ असतो. मग तो खाली पडतो आणि प्रकाश सोडतो, त्या प्रकाशाची सरासरी येते १००० नॅनोमीटरच्या जरा खाली. तरंगलांबी कमी म्हणजे एनर्जी जास्त. सोप्या हिशोबात सांगायचं तर लेझरचा फोटॉन १०० रुपये घेऊन आत आला आणि बाहेर जाताना १०२ घेऊन गेला. वरचे २ रुपये कुणी दिले? क्रिस्टलने, स्वतःच्या उष्णतेतून. दरवेळी पदरमोड करून पाहुण्याला वाटेला लावायचं आणि असं सेकंदाला अब्जावधी वेळा झालं की क्रिस्टलची गंगाजळी आटते, म्हणजे तो थंड होतो.

हे वर गेलेले २ रुपये कायम लक्षात ठेव, पुढचा सगळा हिशोब त्यावरच आहे.

आलेल्यापेक्षा जास्त एनर्जीचा प्रकाश बाहेर येणं याला अँटी-स्टोक्स म्हणतात, हा शब्द तू रामन इफेक्टच्या धड्यात वाचला असशील. तिथे प्रकाश त्याच क्षणी विखुरला जातो, इथे इलेक्ट्रॉन खरोखर वर जाऊन बसतो आणि मग उतरतो, एवढा फरक. पीटर प्रिंगशाइम या जर्मन शास्त्रज्ञाने १९२९ सालीच सुचवलं होतं की अशा प्रकाशाने वस्तू थंड करता येईल. त्यावर वाव्हिलोव या रशियन शास्त्रज्ञाचा आक्षेप होता की हे थर्मोडायनॅमिक्सच्या दुसऱ्या नियमात बसत नाही, उष्णता अशी पूर्णपणे प्रकाशात कशी बदलेल. हा वाद १९४६ मध्ये लांडाऊ या दुसऱ्या रशियन शास्त्रज्ञाने सोडवला. त्याचं म्हणणं असं की प्रकाशालाही एन्ट्रॉपी, म्हणजे बेशिस्तीचं माप, असते. आत येणारा प्रकाश एका दिशेचा, एका रंगाचा, शिस्तीत, आणि बाहेर जाणारा दाही दिशांना विखुरलेला, अनेक रंगांचा, म्हणजे क्रिस्टलमधली बेशिस्त तोच घेऊन जातो. नियम कुठेच मोडत नाही. मला स्वतःला या अख्ख्या विषयातला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो, कारण फ्रिजमध्ये जे काम गॅस करतो ते इथे नुसता प्रकाशाचा विस्कळीतपणा करतो.

पण कागदावर सुटलेलं गणित टेबलावर यायला १९९५ उजाडलं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोस लॅबमध्ये रिचर्ड एपस्टाइन आणि सहकाऱ्यांनी इटर्बियम घातलेली फ्लोराइड काच लेझरने थंड करून दाखवली. किती थंड? ०.३ अंश. तू म्हणशील एवढ्यासाठी ६६ वर्षं? हो, आणि अडचण काय होती ते तुला सांगायलाच हवं.

१०० रुपये आले आणि १०२ गेले तर कमाई २ ची. पण शंभरातला एकेक फोटॉन असा आहे की तो आत कुठे घाणीवर पडला तर त्याचे अख्खे १०० रुपये उष्णता म्हणून आतच राहतात. म्हणजे शंभर फोटॉनपैकी दोन जरी वाया गेले तरी सगळी कमाई गेली आणि वस्तू गरम व्हायला लागली. इतक्या शुद्धतेची काच पूर्वी नव्हतीच. लोखंड, तांबं अशा धातूंचे अगदी नगण्य अंश, पाण्याची वाफ, हे सगळे शत्रू. म्हणून या विषयात निम्मं श्रेय लेझरवाल्यांचं असलं तर निम्मं क्रिस्टल वाढवणाऱ्यांचं आहे. इटलीत पिसा इथल्या माउरो टोनेलींच्या ग्रुपने वाढवलेले वायएलएफ नावाचे फ्लोराइड क्रिस्टल आले तेव्हा कुठे आकडे भराभर खाली गेले.

हाताने काम करताना हे कसं दिसतं ते सांगतो. क्रिस्टल असतो साधारण ४ बाय ४ बाय १२ मिलिमीटरचा, म्हणजे खडीसाखरेच्या लांबट खड्याएवढा. तो व्हॅक्यूम चेंबरमध्ये काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंवर टेकवून ठेवतात, कारण ज्या गोष्टीला तो टेकला त्यातून उष्णता आत येते. दिवे बंद करून लेझर सुरू केला की काहीच दिसायला नको, सगळं इन्फ्रारेड, पण बऱ्याचदा क्रिस्टलच्या आत लेझरच्या वाटेवर हिरवट रेघ उमटते. पहिल्यांदा बघणारा खूश होतो इतकी छान दिसते, पण ती रेघ म्हणजे आत एर्बियमचे अंश राहिलेत याची पावती, ते दोन-दोन फोटॉन गिळून हिरवा एक सोडतात. आणि एर्बियम निदान दिसतं तरी, लोखंड चमकत नाही, ते गुपचूप उष्णता करतं.

मी पहिल्यांदा स्वतः बसवला तेव्हा थर्मल कॅमेऱ्यात तापमान उतरायला लागलं, एक अंश, दोन अंश, आणि मग थांबलं आणि चक्क वर चढायला लागलं, तासभर आम्ही लेझर तपासतोय, आरसे तपासतोय, शेवटी चेंबर उघडून क्रिस्टल मायक्रोस्कोपखाली धरला तर ज्या तोंडातून लेझर आत जातो तिथे पुसायच्या कागदाचा एक तंतू चिकटलेला आणि त्याच्या टोकाला काळा ठिपका. तो तंतू जळत होता आणि क्रिस्टलला तापवत होता. मिथेनॉलने पुन्हा स्वच्छ केला आणि तोच क्रिस्टल त्याच लेझरने छान खाली गेला. तेव्हापासून बोटाचा ठसा ही माझ्यासाठी साधी गोष्ट राहिली नाही.

अजून एक फसवणारी गोष्ट म्हणजे तापमान मोजणं. सवयीने कुणीही थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तारांची जोडी, चिकटवतो, पण क्रिस्टलमधून बाहेर पडणारा प्रकाश त्या थर्मोकपलवरच पडतो, ते तापतं आणि तुला खोटा आकडा दाखवतं. म्हणून क्रिस्टलच्या प्रकाशाचाच स्पेक्ट्रम घेऊन त्याच्या आकारावरून तापमान काढतात, कारण थंड होताना वरच्या पायऱ्या रिकाम्या होतात आणि स्पेक्ट्रमचा तो भाग खाली बसतो. वस्तूला न शिवता तिचा ताप मोजणं झालं.

आता किती खाली जाता येतं. न्यू मेक्सिको विद्यापीठात मन्सूर शेख-बहाई आणि डेनिस सेलेत्स्की यांच्या ग्रुपने २०१० मध्ये १५५ केल्विन गाठलं, म्हणजे उणे ११८ अंश, आणि २०१६ मध्ये त्याच ग्रुपने ९१ केल्विन, उणे १८२. याचं महत्त्व कळायला पेल्टियर मॉड्यूलशी तुलना कर. कारच्या छोट्या फ्रिजमध्ये असतं ते, तेही न हलणारंच, पण एका थराचं मॉड्यूल सत्तरेक अंशांचा फरक देतं आणि थरावर थर रचूनही साधारण १७०-१८० केल्विनच्या खाली त्याचा दम संपतो. त्याखाली काही न हलवता, काही न ओतता जायचं तर आज हाती असलेला रस्ता हाच आहे.

जितकं खाली जाशील तितकं अवघड होतं हेही खरं. खालच्या मजल्याच्या वरच्या पायरीवर उभे इलेक्ट्रॉन थंडीत कमी होतात, त्यामुळे लेझर शोषलाच जात नाही आणि तोच प्रकाश आरशांमध्ये टप्पे खात पुन्हापुन्हा क्रिस्टलमधून फिरवावा लागतो. शिवाय वर सांगितलेल्या खड्याचं पृष्ठफळ सव्वादोन चौरस सेंटीमीटर धर, आजूबाजूच्या भिंती खोलीच्या तापमानाला असतील तर नुसत्या रेडिएशननेच जास्तीत जास्त १०० मिलिवॉट उष्णता त्याच्या अंगावर येते. म्हणून चेंबरच्या आतल्या भिंतींना असा लेप देतात जो क्रिस्टलचा प्रकाश गिळून टाकतो पण स्वतःची उष्णता कमी फेकतो.

मग याचा खरा उपयोग कुठे? २०१८ मध्ये लॉस अलामोसच्या मार्कस हेलेन आणि सहकाऱ्यांनी हा कूलर पहिल्यांदा एका खऱ्या इन्फ्रारेड सेन्सरला जोडला आणि सेन्सर १३५ केल्विनपर्यंत थंड केला. आमच्या धंद्यातल्या माणसाला याचं काय वाटतं ते सांगतो. चांगला थर्मल कॅमेरा आजही बहुतेक वेळा स्टर्लिंग कूलरवर चालतो, त्यात छोटा पिस्टन असतो, कॅमेरा हातात धरला तर त्याची गुरगुर बोटांना जाणवते, आणि ती गुरगुर फोटोतही उतरते, शिवाय पिस्टन झिजतो. सॅटेलाईटवर दुरुस्तीला कोण जाणार? लेझरवाल्या कूलरमध्ये लेझर लांब कुठेतरी ठेवायचा, फायबरने प्रकाश आणायचा आणि थंड टोकाला हलणारं काहीही नाही. सेन्सर क्रिस्टलला जोडणारा दुवाही पारदर्शक आणि मुद्दाम वाकडा करतात, म्हणजे थंडावा पोचेल पण सटकलेला प्रकाश वळणावर बाहेर जाईल, सेन्सरवर पडणार नाही.

दुसरी जागा म्हणजे अतिशय स्थिर लेझरसाठी लागणारे सिलिकॉनचे ठोकळे. सिलिकॉन १२४ केल्विनच्या आसपास तापमान जरा हललं तरी प्रसरण पावत नाही, त्यामुळे अणुघड्याळं बनवणाऱ्या लॅबना तो नेमका तिथे ठेवायचा असतो, आणि तिथे कंप म्हणजे विष. आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होतेय, तिथले आरसे खोलीच्याच तापमानाला असणार आहेत, लेझरने कुणी त्यांना थंड करणार नाही, पण कंपाशी लढणं म्हणजे काय हे त्या प्रोजेक्टबद्दल वाचलंस तर कळेल.

आता तुझा मोबाईल. २ रुपयांचा हिशोब लाव. फोन जोरात चालताना ४ वॉट उष्णता टाकतो असं धर. २ टक्के कार्यक्षमतेने ४ वॉट उचलायला २०० वॉट लेझर प्रकाश क्रिस्टलने पूर्ण शोषला पाहिजे. चांगला डायोड लेझर विजेच्या निम्मा प्रकाश देतो, म्हणजे ४०० वॉट वीज, त्यातली २०० वॉट लेझरपाशीच उष्णता, आणि क्रिस्टलमधून बाहेर पडलेला २०४ वॉट प्रकाश कुठेतरी शोषून ती उष्णता काढायची. ४ वॉटसाठी ४०० वॉट उष्णतेची सोय. डेटा सेंटरमधल्या एका ७०० वॉटच्या एआय चिपला हेच गणित लावलंस तर ३५ किलोवॉट प्रकाश लागतो. आणि हे सगळं फुकट जातं कारण चिप थंड करायला उणे तापमान लागतच नाही, तिला फक्त उष्णता हवेत किंवा पाण्यात नेऊन सोडायची असते, ते काम तांब्याचा तुकडा आणि व्हेपर चेंबर, म्हणजे आत वाफ फिरणारी चपटी बंद डबी, न हलता करतातच. सेन्सरची गोष्ट वेगळी, त्याची उष्णता काही दहा-वीस, फार तर शेकडो मिलिवॉट, तिथे पाच-पन्नास वॉट लेझर खर्च करणं परवडतं.

तू कदाचित वाचलं असशील की २०२५ मध्ये मॅक्सवेल लॅब्ज नावाच्या अमेरिकन स्टार्टअपने सँडिया नॅशनल लॅब आणि न्यू मेक्सिको विद्यापीठाबरोबर चिप लेझरने थंड करायचं काम हाती घेतलंय. त्यांचा विचार असा की अख्खी चिप थंड करायची नाही, चिपवर जे सूक्ष्म तापलेले ठिपके असतात तेवढेच गॅलियम आर्सेनाइड या सेमीकंडक्टरच्या पातळ पट्टीने गाठायचे आणि बाहेर आलेला प्रकाश परत वीज करून वापरायचा. ठिपक्यांचा मुद्दा मला पटतो, कारण चिपचा वेग बऱ्याचदा तो एक ठिपका अडवतो. पण गॅलियम आर्सेनाइडची जुनी अडचण आहे, त्याचा अपवर्तनांक साधारण साडेतीन, त्यामुळे आत तयार झालेला प्रकाश एका सपाट तोंडातून जेमतेम २ टक्केच बाहेर पडतो, बाकीचा आतच आपटत राहतो आणि प्रत्येक आपटण्याला कुठेतरी गिळला जायची भीती. शोषलेल्या फोटॉनपैकी ९९.५ टक्के शेवटी प्रकाश म्हणूनच बाहेर काढूनसुद्धा त्यात निव्वळ थंडावा दाखवणं वर्षानुवर्षं अडून राहिलेलं काम आहे. ते सुटलं तर मला मनापासून आनंद होईल. पण सेमीकंडक्टरच्या बाबतीत मी जरा थांबून बघतो, कारण २०१३ मध्ये सिंगापूरहून कॅडमियम सल्फाइडच्या नॅनोपट्ट्या ४० अंश थंड झाल्याचा निकाल आला, मोठ्या जर्नलमध्ये आला, आणि २०१९ मध्ये त्याच जर्नलमध्ये दुसऱ्या ग्रुपने त्यावर गंभीर प्रश्न उभे केले.

म्हणून प्रोजेक्टबद्दल माझा सल्ला. इटर्बियम क्रिस्टल, व्हॅक्यूम आणि ५० वॉटचा न दिसणारा लेझर याच्या मागे लागू नकोस, पैशापेक्षा डोळ्यांची भीती जास्त आहे, त्या लेझरचा एक भरकटलेला किरण पापणी मिटायच्या आत डोळा घालवतो आणि तो दिसतही नाही. त्याऐवजी थंडाव्याचं मूळ जे आहे, म्हणजे उष्णतेने पायरी चढलेला इलेक्ट्रॉन, तेच मोजून दाखव. फिजिक्सच्या लॅबमध्ये लाल हीलियम-निऑन लेझर असतोच, ६३२.८ नॅनोमीटरचा. ऱ्होडामीन १०१ नावाचा रंग इथेनॉलमध्ये अगदी पातळ करून क्युव्हेटमध्ये, म्हणजे छोट्या चौकोनी पारदर्शक कुपीत, घे, त्यातून लेझर जाऊ दे आणि काटकोनात छोटा स्पेक्ट्रोमीटर लाव. लेझर लाल असूनही ६३३ च्या खालचा, ५९० च्या बाजूचा नारिंगी-पिवळा प्रकाश तुला स्पेक्ट्रममध्ये दिसेल, म्हणजे आलेल्यापेक्षा जास्त एनर्जीचा. आता क्युव्हेट कोमट पाण्यात ठेवून २० अंशांपासून ५० अंशांपर्यंत हळूहळू तापव (ज्योत अजिबात नको, इथेनॉल आहे) आणि दर पाच अंशांना तो प्रकाश मोज. तो वाढत जाईल, हिशोबाने शेवटी दुपटीच्या आसपास. रंग ऱ्होडामीन १०१ च घे, स्वस्त मिळतो म्हणून ऱ्होडामीन बी घेऊ नकोस, कारण बी ची चमक तापमानाने स्वतःच कमी होते आणि तुझा सगळा ग्राफ बिघडवते.

मग त्या प्रकाशाच्या तीव्रतेचा लॉग उभ्या अक्षावर आणि केल्विनमधल्या तापमानाचा व्यस्त आडव्या अक्षावर घे, सरळ रेघ येईल, आणि तिच्या उतारावरून प्रत्येक फोटॉनमागे रंगाने उष्णतेतून किती पदरमोड केली ते थेट निघेल. बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या फोटॉनच्या एनर्जीतला फरक स्पेक्ट्रोमीटरवरून वेगळा काढ आणि दोन्ही आकडे शेजारी ठेव. लेझर मिलिवॉटचा असला तरी किरण डोळ्याच्या पातळीवर ठेवू नकोस, आणि क्युव्हेटला हात लावायच्या आधी बोटं पुस.